दचकणं मोजणारं यंत्र

डोंगरवारा कंपनीच्या मुलाखतीत मला एकही प्रश्न विचारला गेला नाही, असं सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. त्यांना वाटतं, हिचा वशिला असणार. वशिला कसला घेऊन बसलात? त्या सगळ्या गर्दीत मला ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाचं आणि माझं बोलणं बंद होऊन चारेक वर्षं झाली होती.

प्रश्न का विचारले नाहीत, ते आधी सांगते. तोवर मुलाखतीतल्या प्रश्नोत्तरांना काही अर्थच उरला नव्हता. कंपनीचं यंत्र प्रश्न काढायचं, उमेदवाराच्या कानातलं यंत्र उत्तर पुरवायचं, आणि समोरासमोर बसलेली दोन माणसं पोपटासारखी ते म्हणून दाखवायची. 'तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?' असं विचारलं की अख्खा महाराष्ट्र एका सुरात 'मी कामात फार गुंतून जातो' असं सांगायचा. सगळेच पहिले आले तर निवडायचं कुणाला? म्हणून काही कंपन्यांनी माणसाच्या तोंडाचा नाद सोडला आणि त्याच्या अंगाला विचारायला सुरुवात केली. अंगाला अजून कुणी उत्तरं पढवून ठेवलेली नव्हती.

पाटणच्या वरच्या पठारावर डोंगरवाराच्या पवनचक्क्या आहेत. जुन्या काढून त्यांच्या जागी दुप्पट उंचीच्या उभ्या केलेल्या. पाती धुवायला यंत्रमानव आहेत. पण पात्यांच्या मागं एसटीएवढी एक खोली असते, तिला नॅसेल म्हणतात. तिथं गिअर, तेल आणि तारा यांची अशी दाटी असते की यंत्रमानव नुसता अडकून बसतो. तिथं माणूसच लागतं, आणि एक नव्हे, दोन. एकाचे हात नटबोल्टवर असताना दुसऱ्याचं लक्ष त्याच्या दोरावर. त्यामुळं कंपनीला नुसतं हुशार माणूस नको होतं, जोडी हवी होती.

मला ही नोकरी हवीच होती. साखर कारखान्यातल्या माझ्या पॅनेल रूमला माणसाची गरज उरली नव्हती. मी आयटीआयची इलेक्ट्रिशियन, अनुभव गाठीशी, तरी आसपास कुठं दार उघडेना. हातात दुसरं एकच काम होतं, तेही कच्छच्या रणातल्या सौर प्रकल्पावर. आमचे हे गावातल्याच शाळेत मास्तर, निनाद नुकताच पहिलीत गेलेला. कच्छला गेले असते तर पोराचं मोठं होणं मला फोनवरच बघावं लागलं असतं. डोंगरवारा मिळालं तर रोज संध्याकाळी घरी. इतकं सरळ होतं ते.

न मिळाल्यावर कुणाची कीव नको म्हणून घरी सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडं जाते. पठारावरच्या हॉलमध्ये पाय टाकते तर पहिल्याच रांगेत माझी थोरली जाऊ बसलेली. ती माहेरी जाते म्हणून सांगून निघाली होती.

तिचं नाव कोमल. नावावर जाऊ नका, वीज मंडळाची कंत्राटी वायरमन म्हणून ती भर वाऱ्यात खांबावर चढलेली बाई आहे. मी तिला अक्का म्हणायची. घर एक, स्वयंपाकघर एक, पण बोलणं नाही. काही सांगायचं झालंच तर सासूबाईंमार्फत. "आई, त्यांना सांगा, गॅस संपत आलाय," असं मी म्हणायची. अक्का तिथंच हाताच्या अंतरावर कांदा चिरत असायची. मग आई तिच्याकडं वळून, "कोमल, गॅस संपत आलाय बघ," असं इमानेइतबारे सांगायच्या. अक्का म्हणायची, "तिला सांगा, कळलं." आईंनी हे काम कधी कंटाळून टाकलं नाही.

याचं कारण हसण्यासारखं नव्हतं. निनादच्या पाठीवर मला पुन्हा दिवस गेले होते. मुलगी झाली तर केतकी नाव ठेवायचं, हे मी फक्त अक्काला सांगितलं होतं, ह्यांनासुद्धा नाही. पाचव्या महिन्यात ते सगळं संपलं. पुढच्या वर्षी अक्काला मुलगी झाली. बारशाला नणंदेनं पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हणाली, केतकी. घुगऱ्या वाटायच्या आधी मी मागच्या दारानं निघून गेले. तेव्हापासून बोलणं बंद. त्या पोरीला मी छोटी म्हणते. ते नाव माझ्या तोंडातून निघतच नाही.

तर त्या हॉलमध्ये आम्ही एकमेकींना पाहिलं आणि दोघींनीही भिंतीवरच्या पंख्यात काहीतरी फार मोलाचं दिसल्यासारखं तोंड वळवलं. दुपारी आईंनी बांधून दिलेला डबा उघडला. भाकरी आणि म्हाद्या. समोरच्या बाकावर अक्काच्या डब्यातही भाकरी आणि म्हाद्या. दाताच्या डॉक्टरकडं जाणाऱ्या सुनेला कुणी शेंगदाण्याचा म्हाद्या बांधून देतं का? आईंना दोघींचंही माहीत होतं, हे तेव्हा कळलं.

मुलाखतीची पद्धत अशी. छातीवर एक चकती चिकटवायची, मनगटाला पट्टा. कानांवर आवाज बंद करणारी जाड टोपणं. मधे छतापासून गुडघ्यापर्यंत पडदा. पडद्याखालून एक भलीमोठी ताडपत्री अलीकडं-पलीकडं पसरलेली. तिचं एक टोक तुमच्या हातात, दुसरं पलीकडच्या अनोळखी माणसाच्या. दोघांनी मिळून तिची घडी घालायची. बोलणं नाही, दिसणं नाही. हिरवा दिवा लागला की पलीकडचा माणूस बदलायचा. ताडपत्रीनंतर लांब शिडी आडवी धरून सरकवायची, मग तेलानं भरलेलं पिंप न सांडता उचलून पुढं ठेवायचं.

बाहेर झाडाखाली उमेदवार आपापले अनुभव सांगत बसत. एकाला वाटत होतं पलीकडं माणूस नसून यंत्रच आहे. एकजण आपला जोडीदार रेडा होता असं शपथेवर सांगत होता. मिहीर नावाचा पुण्याचा इंजिनियर होता, सुवर्णपदकवाला. बिचाऱ्यानं वर्षभर देहबोलीचा क्लास लावला होता, आणि पडद्यामागं देह कुणाला दिसतच नव्हता. त्या यंत्राला पोरांनी नाव ठेवलं होतं गुरुजी, कारण ते पत्रिका जुळवायचं.

मला पहिल्या दिवशी नाना तऱ्हा भेटल्या. एक नुसता ओढायचा. एक टोक धरून चक्क झोपी गेल्यासारखा उभा राहायचा. एकजण घडी घालता घालता हातानं मला शिकवत होता, तो मिहीर असणार अशी माझी खात्री आहे. आणि मग दिवस कलताना एक जोडीदार आला. मी ताडपत्री उचलली तर ती पलीकडून आधीच उचलली जात होती. मी डावीकडं सरायचं मनात आणलं आणि तिकडंही तसंच सरलं गेलं. घडी अशी पडली की जणू ताडपत्रीलाच ती सवय होती. शिडी अलगद गेली, पिंपातला थेंब सांडला नाही. मला इतका आनंद झाला की कानांवर टोपणं असताना मी मोठ्यानं गुणगुणायला लागले. बाहेर येऊन मिहीरला म्हटलं, पलीकडं कोण होतं कळलं तर मी त्याला राखी बांधीन.

तुम्ही ओळखलंच असेल. मला मात्र ओळखता आलं नाही. माणूस ज्याच्याशी भांडलेला असतो त्याचे हात कसे चालतात, हे त्याला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या जोड्यांना पडद्याच्या दोन बाजूंना उभं केलं आणि पडदा वर गेला. समोर अक्का. आमच्या दोघींची तोंडं एकाच वेळी उतरली, आणि म्हणे यंत्रानं त्याचेही गुण दिले.

डॉ. पेठकर नावाचे मुलाखतीचे प्रमुख होते, किडकिडीत, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारे. ते हर्षानं नुसते नाचत होते. यंत्र बसवल्यापासून असा आकडा आला नव्हता, म्हणाले. तुम्ही सख्ख्या बहिणी का? मी म्हटलं, जावा. ते म्हणाले, मग फारच प्रेम दिसतंय. यावर अक्का खोकली.

मग त्यांनी समजावलं ते मला अजून लख्ख आठवतं. दोन माणसं मिळून काम करतात तेव्हा प्रत्येकाचा मेंदू सारखा अंदाज बांधत असतो, हा समोरचा आता काय करील. अंदाज चुकला की माणूस दचकतो. ते दचकणं इतकं बारीक असतं की त्याचं त्यालाही कळत नाही, पण तळहाताला किंचित घाम येतो, श्वास अडखळतो, काळजाचा एखादा ठोका पुढंमागं होतो. अंदाज बरोबर येत गेले की उलट होतं, दोघांचे श्वास आणि ठोके हळूहळू एका लयीत यायला लागतात. वर नॅसेलमध्ये दचकणं महागात पडतं. यंत्र एवढंच बघतं, की ही दोन माणसं एकमेकांना किती कमी दचकवतात.

"म्हणजे ते प्रेम मोजत नाही?" मी विचारलं.

"छे. प्रेम मोजायला कुठलं यंत्र? हे फक्त सवय मोजतं."

सवय म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं. लग्न होऊन आल्यापासून मी भाकऱ्या थापायची आणि ती भाजायची. सणावारी, कंदुरीच्या जेवणाला, लग्नाच्या पंगतींना, आम्ही दोघींनी चुलीपुढं किती भाकऱ्या उडवल्या असतील देव जाणे. मी थापलेली भाकरी उचलली की तिचा तवा रिकामाच असायचा. बोलणं बंद झालं तरी भाकऱ्या चालूच होत्या, न बोलता. मिहीरनं बातमी ऐकली आणि म्हणाला, गुरुजींनी छत्तीस गुण जुळवले. मी मनात म्हटलं, इथं तर छत्तीसचा आकडा आहे, बाबा.

पेठकरांनी नियम सांगितला. नेमणूक जोडीची. दोघी तर दोघी, नाहीतर कुणीच नाही. दुसऱ्या कुणाशी तुमचं निम्म्यानंही जुळत नाही. आता शेवटची चाचणी, खऱ्या पवनचक्कीवर, खऱ्या नॅसेलमध्ये. बंद ठेवलेल्या गिअरचा तेलाचा फिल्टर बदलायचा. एक अट मात्र कडक. वर प्रत्येक कृती करण्याआधी जोडीदाराला मोठ्यानं सांगायची, आणि जोडीदारानं ती तशीच उच्चारून परत सांगायची. हात कितीही जुळोत, वर मुकाट्यानं काम करायचं नाही.

मी घाबरले ते या अटीला. उंचीला नव्हे.

टॉवरच्या पोटातल्या लिफ्टनं आम्ही वर गेलो. अंगावर पट्टे, पट्ट्यांना दोर, हेल्मेटमध्ये माइक. खाली सगळे उमेदवार स्पीकरवर ऐकत बसलेले, कारण ही शेवटची फेरी सगळ्यांनी ऐकून शिकायची होती. वरची झडप उघडली तर ढग खाली आणि आम्ही वर. कोयनेचं पाणी दूरवर चकाकत होतं. एरवी मी आनंदानं ओरडले असते.

काम सुरू झालं. अक्कानं फिल्टरचं जड झाकण धरायचं होतं. मी माइकमध्ये म्हटलं, "सर, त्यांना सांगा, झाकण धरा."

खालून पेठकरांनी गोंधळून सांगितलं, "कोमलताई, झाकण धरा."

"त्यांना सांगा, धरलं," अक्का म्हणाली.

दोन-तीन वाक्यं अशीच गेली. मग सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, त्यांना सांगा, पहिला बोल्ट सोडतेय."

खालून हसण्याचा कल्लोळ ऐकू आला. तो विरल्यावर पेठकर गंभीरपणे म्हणाले, "बाई, मी तुमची आई नाही. वर वारा वाढला आणि रेडिओ बंद पडला तर मधे कोण असणार? आणखी एकदा मला मधे घातलंत तर दोघी खाली या."

मला कच्छ दिसलं. फोनमधला निनाद दिसला. मी डोळे मिटले.

"अक्का, पहिला बोल्ट सोडते."

"पहिला बोल्ट सोड," ती म्हणाली. आणि श्वास न घेता पुढं, "एवढं बोलायला चार वर्षं लागली व्हय गं?"

"दुसरा सोडते. तुम्ही कुठं बोललात?"

"दुसरा सोड. आले होते बोलायला. तू दार लावून घेतलंस तोंडावर."

"तिसरा सोडते. मग काय ओवाळायचं होतं तुम्हाला? माझं नाव चोरलंत तुम्ही."

"तिसरा सोड. चोरलं नाही. झाकण काढते."

"झाकण काढा. चोरलं. जपून काढा, तेल आहे."

एकदा सुरू झालं ते झालंच. आम्ही दोघी ढगांच्या वर, दोराला बांधलेल्या, पोटभर भांडत होतो. कुणी कुणाची चटणी खारट म्हटली होती, माझ्या आईच्या आजारपणात कोण आलं नव्हतं, एकूण एक निघालं. आणि हात? हातांना त्याचं काही नव्हतं. झाकण निघालं, जुना फिल्टर निघाला, पुसायची चिंधी मी मागायच्या आधी माझ्या हातात आली. एकदा सांडलेल्या तेलावर माझा पाय सरकला. मी पडायच्या आधीच अक्काच्या मुठीत माझा पट्टा होता, आणि त्या वेळी ती मला माझ्या आडमुठेपणाबद्दल बोलत होती. तिनं वाक्यसुद्धा तोडलं नाही.

मी पुन्हा म्हटलं, माझं नाव, माझ्या मुलीचं नाव, तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

"ऐक आता," अक्का म्हणाली. "तुझं ते पोर गेलं, त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल ब्र काढला नाही. जसं काही झालंच नव्हतं. तू पण पदर खोचून तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभी. मला सहन होईना. मला वाटलं, निदान ते नाव तरी घरात रोज कुणीतरी हाक मारून म्हणावं. म्हणून ठेवलं. नवा फिल्टर बसव."

ठरलेलं वाक्य म्हणायचं मी विसरले. माझं मूल विसरून जिनं ते नाव उचललं असं मी इतकी वर्षं समजत होते, तीच एकटी त्या घरात त्याची आठवण ठेवणारी होती. मी रडायला लागले. हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

"तेजू," ती म्हणाली, "नवा फिल्टर बसव म्हटलं."

"नवा फिल्टर बसवते," मी म्हटलं. "विचारायचं तरी होतं, अक्का."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"हो म्हणाले असते."

"खोटं बोलू नको, वर आहेस."

मी विचार केला. "बरं. नाही म्हणाले असते."

त्यावर ती हसली, मग मी हसले, आणि मग आम्हाला आवरेना. झाकणाचे बोल्ट आम्ही हसत-रडत घट्ट केले, प्रत्येक बोल्टचा पुकारा मात्र चोख.

खाली आलो तर मिहीर नाक पुसत होता आणि आजूबाजूला उभे असलेले उमेदवार टाळ्या वाजवत होते. अक्कानं त्यांच्याकडं बघून विचारलं, काय तमाशा होता का? तरी टाळ्या थांबल्या नाहीत.

मला वाटलं होतं की भांडलो म्हणून नापास. पेठकर म्हणाले, नियम बोलण्याचा आहे, गोड बोलण्याचा नाही. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवला. दोन रेघा, एक माझ्या काळजाची, एक तिच्या. भांडणात दोन्ही उंच उडालेल्या, पण एकत्र. समोरची काय टोमणा मारणार हे आम्हाला आधीच माहीत होतं, त्यामुळं भांडतानाही आम्ही एकमेकींना दचकवलं नव्हतं. पाय सरकला तिथंसुद्धा नाही. फक्त एका जागी माझी रेघ एकदम वर जाऊन थरथरली होती.

"अख्ख्या चाचणीतलं एवढंच दचकणं," ते म्हणाले. "तिथं काय झालं?"

"तिथं मला एक गोष्ट ठाऊक नव्हती," मी म्हटलं. त्यांनी पुढं विचारलं नाही.

आता एकच गोष्ट उरली होती. यंत्र काहीही म्हणो, माणसानं तोंडानं होकार द्यायचा, आणि तो प्रत्येकीनं वेगळा, बंद खोलीत. आधी अक्काला आत बोलावलं. ती लगेच बाहेर आली आणि आपल्या स्कूटरच्या दिशेनं चालू लागली. मग मी. या जोडीदाराच्या हाती जीव द्याल का, असा तो प्रश्न होता. तो तेवढा एक त्यांनी विचारला, पण मी त्याला मुलाखतीचा प्रश्न धरत नाही, कारण त्याचं उत्तर कुणी पढवू शकत नाही.

मी पट्ट्यावरची तिची मूठ आठवली. म्हटलं, हो. वर जीव देईन, खाली भांडेन.

"त्या काय म्हणाल्या?" मी विचारलं.

पेठकरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "ते मी मधे पडून सांगणार नाही. त्यांनाच विचारा."

अक्का तिच्या स्कूटरवर हेल्मेट मांडीत धरून बसली होती. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर येत होते. चार वर्षांत मी तिला साधा प्रश्न विचारला नव्हता. आता तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं.

"अक्का, तुम्ही काय सांगितलंत आत?"

"तुझं जे उत्तर असेल तेच माझं लिहा म्हटलं."

"आणि मी नाही म्हणाले असते तर?"

"तर नाही," ती म्हणाली. "मला चालू पोस्टवर कायम करतायत ऐकलंय, माझं भागलं असतं. पण तुला कच्छला जावं लागू नये असं वाटत होतं. म्हणून तर मी पडद्याआडून ओळखूनही गप्प राहिले, आणि पडदा वर गेल्यावर तुझ्याबरोबर तोंड पाडलं."

"कशावरून ओळखलंत?"

"तू काम जमलं की गुणगुणतेस. टोपणांतूनसुद्धा ऐकू आलं."

मी तिच्या मागं बसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ती म्हणाली, नीट धर, उतार आहे. अर्धा घाट उतरलो. मग आईंना ही बातमी आधी कुणी सांगायची यावरून आमचं भांडण सुरू झालं, ते घर येईपर्यंत मिटलं नाही.